फोटोबाहेर राहिलेले हात

जयंता,

शोकसभेत तुझा जो फोटो लावला होता तो मी काढलेला आहे. मेधावहिनींनी तोच निवडला, त्यांचा आवडता म्हणून. इथल्या मराठी मंडळाच्या चिटणीस बाईंनी त्याचा खालचा अर्धा भाग कापला आणि वरचा मोठा करून आणला. त्यामुळे तू मान खाली घालून कुणापुढे तरी अदबीने वाकलेला दिसत होतास. वर शेवंतीचा हार, समोर न पेटवलेली उदबत्ती, कारण चर्चच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये धूर झाला की अलार्म वाजतो. लोक येऊन हात जोडत होते आणि एकमेकांना सांगत होते, किती शांत दिसतोय.

तू शांत वगैरे नव्हतास. तू कुडकुडत होतास. लाबर नदीच्या गुडघाभर पाण्यात उभा होतास आणि कापून टाकलेल्या भागात तुझे दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्याखाली होते. हातांत एक ट्राउट होता. तू त्याला सोडत होतास.

"मासा दिसत होता हो," चिटणीस बाई मला हळूच म्हणाल्या. "अशा प्रसंगी बरं दिसत नाही."

तुझी मुक्ता फोटोसमोर बराच वेळ उभी होती. मग तिने जर्मनमध्ये विचारलं, "बाबाचे हात कुठे गेले?" वहिनी म्हणाल्या, "अगं, मावले नसतील फ्रेममध्ये." मी शेजारी कागदी बशीत समोसा घेऊन उभा होतो. मला उत्तर माहीत होतं. मी समोसा खाल्ला.

त्याच दिवशी चिटणीस बाईंनी मला काम दिलं. मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहायचं, हलकंफुलकं, आठवणी वगैरे. "तुम्ही दोघं म्हणजे अगदी भाऊ-भाऊ, नाईक. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" मी हो म्हटलं. घरी आल्यावर तोंडात त्या समोशाचं तेल होतं ते दोनदा दात घासूनही गेलं नाही. किळस असते ना, ती डोक्यात असते असं मला वाटायचं. ती जिभेवर असते.

तर लिहितो. हलकंफुलकं नाही जमणार.

आपल्या दोघांत मासे खाणारा मी. अलिबागचा. तू सांगलीचा, घरात अंडंही न आणणारा. आणि मासेमारीचं वेड तुला. लोकांना हा विनोदच वाटायचा. इथे मासे पकडायला परीक्षा द्यावी लागते, साठ प्रश्नांची. त्या कोर्सात मासा मारून साफ करून दाखवायला लागले तेव्हा तू खिडकीपाशी जाऊन बाहेरचं पार्किंग बघत उभा राहिलास. परीक्षेत मात्र माझ्यापेक्षा जास्त मार्क पाडलेस. कारखान्यात जर्मन सहकारी विचारायचे, तू खात नाहीस तर पकडतोस कशाला? तू हसून "आल्झो...", म्हणजे "तर...", म्हणायचास आणि पुढे काहीच बोलायचा नाहीस.

मला मात्र तू उत्तर द्यायचास, आणि आपलं तिथेच भांडण व्हायचं. शेवटपर्यंत ते मिटलं नाही.

"नाईक, तुला मासा म्हणजे ताट दिसतं."

"आणि तुला काय दिसतं? त्याच्या तोंडात पिसांची खोटी माशी बांधलेला आकडा घालायचा, पाच मिनिटं ओढायचा, मग जा बाबा म्हणून सोडायचा. मी निदान खातो. तू नुसता छळतोस."

"माझ्या माशीला काटा नाही. आकड्याचं उलटं टोक मी पक्कडीने दाबून टाकतो."

"म्हणजे तो तुला धन्यवाद देत असेल."

यावर एकदा तू शेंगदाण्याची चटणी लावलेला तो तुझा राय धान्याचा पाव डब्यात परत ठेवलास. मग म्हणालास, "हे बरोबर नाही, मला कळतं. पण नुसता काठावर बसलो की मी नदीकडे बघतो. दोरी टाकली की नदी माझ्याकडे बघते."

"हे मंडळात बोल. टाळ्या पडतील."

तू चिडला नाहीस. तू चिडायचासच नाही, आणि मला त्याचाच राग यायचा, आता लिहितोच आहे तर हेही लिहितो. तुला सगळं जमायचं. इतक्या वर्षांत माझी दोरी पाण्यावर चाबकासारखी आपटते. तुझी अशी पडायची की माशी पाण्याला टेकली ते तिच्याखालच्या माशाला आधी कळायचं आणि आपल्याला नंतर. सप्टेंबरात काठावरच्या आल्डरच्या झाडांची पानं पाण्यावर येऊ लागली, पंखवाल्या मुंग्या पडू लागल्या की तू ऑफिसमधून चारला पळायचास. "नाईक, तीन आठवडे राहिले. ऑक्टोबर लागला की बंद." ट्राउट तेव्हा अंडी घालायच्या तयारीत असतात, पोटं पिवळी होतात, ठिपके लालभडक. तू त्यांना हात लावण्याआधी स्वतःचे हात पाण्यात बुडवून थंड करायचास. कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथून मासा सडायला लागतो, हे मला तूच शिकवलंस. दर वेळी सांगायचास. "हात ओले कर आधी." मला राग यायचा. मी मारणारच आहे त्याला, हात ओले कशाला करू?

कारण नियम तसा होता. आपल्या क्लबच्या पाण्यावर लहान मासा सोडायचा, पण मापात बसला तर मारायचाच. आधी डोक्यावर दांडका, मग सुरी. दिवसाला दोन, दोन झाले की दोरी गुंडाळून घरी. आणि मारलेला प्रत्येक मासा वर्षाच्या यादीत लिहायचा. खायचं नसेल तर जनावराच्या वाटेला जाऊ नका, असं त्यामागचं म्हणणं. मला ते पटायचं. आजही पटतं. घाण नियमात नव्हती.

सहा वर्षांपूर्वी तुझ्याकडे वरच्या टप्प्याचं कार्ड होतं, जिथे फक्त माशीनेच मासेमारी करतात. अशी बाराच कार्डं. तू आठ वर्षं रांगेत थांबून मिळवलेलं. मीही इतकी वर्षं त्याच रांगेत होतो, आणि आता माझा नंबर पहिला होता. पहिला नंबर म्हणजे बारापैकी कुणीतरी मरेपर्यंत किंवा म्हातारा होईपर्यंत वाट बघायची.

नोव्हेंबरात काठ साफ करायचं श्रमदान झालं. तू आजारी होतास, आला नाहीस. संध्याकाळी क्लबच्या खोलीत बिअर पिता पिता अध्यक्ष माझ्या शेजारी येऊन बसला. मोठा, लाल गालांचा, बरा माणूस. म्हणाला, "तुझ्या गाववाल्याची यादी आली. अख्ख्या वर्षात शून्य. एकही मासा नाही. इतकी वाईट टाकतो का तो दोरी?" आणि हसला.

जयंता, त्याने मला वाटच करून दिली होती. मला फक्त "याः" म्हणायचं होतं. एक अक्षर, हो एवढंच. दोघं हसलो असतो, संपलं असतं.

मी म्हटलं, तो सगळ्यांत चांगला टाकतो. दिवसाला दहा-दहा पकडतो. लायडर, सगळे परत सोडतो.

लायडर. दुर्दैवाने. हा शब्द मी शोधून वापरला. तुझ्याबद्दल मला फार वाईट वाटतंय, पण नियम तो नियम, असा चेहरा केला मी. कारखान्यात ऑडिटच्या वेळी करतो तसा. आणि अध्यक्षाला पटेना म्हणून, त्याने मागितलेला नसताना, मी फोन काढला आणि फोटो दाखवला. तू वाकलेला, हात पाण्याखाली, हातांत मापात बसणारा ट्राउट. तोच फोटो. त्याला आता शेवंतीचा हार आहे.

तुझं कार्ड जानेवारीत काढून घेतलं. फेब्रुवारीत ते मला मिळालं.

हे लिहिताना नखाखाली माशाचं काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, आणि मी मधून मधून उठून हात धुतोय.

तू मला फोन केलास तेव्हा मी मेट्रो या दुकानाच्या पार्किंगमध्ये होतो. "नाईक, गेलं रे कार्ड. कुणीतरी सांगितलं." मी म्हटलं, "कोण असेल?" किती सहज आलं ते तोंडातून. तू म्हणालास, "आयग्नरच. दुसरं कोण?"

आयग्नर. निवृत्त पोस्टमन, नदीपलीकडे राहणारा, ज्याने तुला माशी बांधायला शिकवलं, स्वतःची मासेमारीची बांबूची जुनी काठी दिली. तो तुला ओरडायचा, "सोडतोस कशाला? मला दे, मांजराला घालतो. एक दिवस सांगतो बघ वर." थट्टेत म्हणायचा. तुलाही माहीत होतं थट्टा आहे. पण कुणावर तरी संशय जायलाच हवा होता आणि माझ्यावर तो जाऊच शकत नव्हता. मी तुझा भाऊ-भाऊ होतो ना.

मी म्हटलं, "असेल बाबा. म्हाताऱ्यांचं काही सांगता येत नाही."

तू त्याच्याकडे जायचं बंद केलंस. काठी परत पाठवलीस, आणि ती घेऊन कोण गेलं? मीच गेलो. तुझा निरोपही मीच सांगितला, की जयंतला आता ही नको आहे. आयग्नर दारात उभा होता, मांजर पायात. त्याने काठी घेतली. माझ्याकडे बघितलं. नको तितका वेळ बघितलं. मग दार लावलं. मी गाडीत येऊन रेडिओ लावला.

आणि त्यानंतरची सहा वर्षं. यांचं मला काय करायचं ते समजत नाही. मला वाटलं होतं तू नदी सोडशील. तू सोडली नाहीस, तू माझ्याबरोबर येऊ लागलास. कार्ड नाही म्हणजे तिथे हातात काठी धरायची सोय नाही, म्हणून रिकाम्या हाताने. थर्मास घेऊन काठावर बसायचास. "दगडामागे, डावीकडे. दिसला? घाई नको, नाईक. त्याला वर येऊ दे." तुझे डोळे आणि माझी काठी, असे आपण पकडायचो. मी त्याला काठावर घ्यायचो, दांडका काढायचो, आणि तू दर वेळी मान वळवून नदीच्या वरच्या अंगाला बघायला लागायचास. आवाज झाला की पुन्हा इकडे. दुसऱ्या नदीचं कार्ड काढ म्हटलं तर म्हणायचास, "आता पुन्हा रांगेत कोण उभं राहणार? आणि तू आहेस की."

मी आहे की.

मागच्या सप्टेंबरात मी मारलेल्या मादीचं पोट चिरलं तेव्हा आत नारिंगी अंडी होती, गच्च भरलेली, आणि ती माझ्या बोटांवरून ओघळली. तू नेमका त्याच वेळी वळलास. नुसता चहाचा कप माझ्यापुढे धरलास, आधी हात धू म्हणालास. मी त्या दिवशी सांगणार होतो. शपथेवर सांगतो, वाक्य जुळवलं होतं. मग तू म्हणालास, "पुढच्या वर्षी आयग्नरला एकदा भेटू का रे? म्हातारा झालाय." आणि मी म्हटलं, "बघू."

बघू म्हणालो. कारण तुम्ही दोघं भेटला असता तर दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं असतं. तू एका म्हाताऱ्याला माफ करायला निघाला होतास ज्याने काही केलंच नव्हतं, आणि मी तेही होऊ दिलं नाही. फोटो दाखवला त्यापेक्षा मला याची जास्त शिसारी येते. तो एक मिनिटाचा नीचपणा होता. हा मी वर्षभर सांभाळला. मग या सप्टेंबरात तू गेलास.

तुझ्या अंत्यविधीला आयग्नर आला होता. मागे उभा होता, टोपी हातात. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं आणि नजर वळवली. त्याने ते पाहिलं. तरी शेवटपर्यंत थांबला.

परवा, सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी, मी त्याच्या दारात गेलो. सगळं सांगितलं, उभ्यानेच. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, "माहीत आहे."

अध्यक्षाने त्याला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. फोटोसकट.

मी विचारलं, मग जयंतला का नाही सांगितलंत?

"गेलो होतो सांगायला," तो म्हणाला. "तुम्ही काठी परत आणून दिलीत, त्याच्या दुसऱ्या रविवारी. रागात गेलो होतो. त्याच्या घराखाली तुमची गाडी उभी होती. खिडकी उघडी होती, तुम्ही दोघं तुमच्या भाषेत काहीतरी बोलून हसत होता. मी जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो."

तो पुढे म्हणाला, "बोलायला मला इथे अख्खं गाव आहे. त्याला तुमच्याशिवाय कोण होतं? सांगितलं असतं तर तो नदीवर आलाच नसता. तुम्ही न्यायचात, मी पलीकडून बघायचो. बसलेला दिसायचा." मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "तुमच्यासाठी नाही केलं. गैरसमज नको."

मला गैरसमज नव्हता.

तो आत गेला आणि ती बांबूची काठी घेऊन आला. म्हणाला, चला, आज शेवटचा दिवस आहे. आम्ही तुझ्या वळणावर गेलो, पडक्या गिरणीच्या खाली. तो तू बसायचास त्या ओंडक्यावर बसला. पानं इतकी येत होती की दर दुसऱ्या वेळी आकड्याला पानच लागायचं. तासाभराने एक मादी लागली, मापात बसणारी, पोट फुगलेलं. मी काठी काखेत धरली, दोन्ही हात पाण्यात घातले. पाणी किती गार असतं रे. तू हे दर वेळी करायचास. बोटं बधीर होईपर्यंत थांबलो, मग तिला धरली, आकडा काढला आणि प्रवाहाकडे तोंड करून नुसती धरून ठेवली. ती बराच वेळ हलली नाही. मग एकदम निसटून गेली. जगली की नाही मला माहीत नाही.

मला पवित्र वगैरे काही वाटलं नाही. तिच्या तोंडात आकडा मीच घातला होता. तुझं-माझं भांडण आहे तिथेच आहे, आणि अजूनही मला माझीच बाजू बरोबर वाटते.

मग यादी काढली. लिहिलं: ट्राउट, एक, मापात. परत सोडला. खाली सही. आयग्नरने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाला, "स्पष्ट लिहा, अध्यक्षाला वाचता आलं पाहिजे." मी पुन्हा गिरवलं. यादी आणि कार्ड एका पाकिटात घालून अध्यक्षाच्या पेटीत टाकलं. यात मोठेपणा काही नाही, जयंता. सहा वर्षं वापरून झालेली वस्तू परत करणाऱ्याला कोणी दानशूर म्हणत नाही.

आयग्नरने काठी माझ्याकडे दिली. वहिनींकडे पोचवा म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही चला बरोबर. तो म्हणाला, "आधी तुम्ही जा. मग त्यांनी बोलावलं तर येईन."

हा लेख मंडळाला मी अजून पाठवलेला नाही. आधी तो वहिनींनी वाचायला हवा, आणि वाचायच्याही आधी त्यांनी तो माझ्या तोंडून ऐकायला हवा. कागदाआड लपायचं मला चांगलं जमतं, म्हणून. काल मी तो फोटो पूर्ण छापून घेतला, न कापता. हात स्पष्ट दिसतात. पाण्याखाली असल्यामुळे थोडे मोठे आणि फिकट दिसतात, आणि मधे तो मासा, तुला सोडून जायची घाई नसल्यासारखा.

उद्या शनिवार. मुक्ता घरी असेल, दार तीच उघडेल. फोटो आधी तिच्या हातात देईन, तिने विचारलं होतं म्हणून. मग काठी भिंतीला टेकवून ठेवीन आणि बसायच्या आधी, चहा नको म्हणायच्याही आधी, म्हणेन, वहिनी, हा फोटो मी आणखी एका माणसाला दाखवला होता.